फोन आला, वही गेली

माझ्या दुकानात गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये कॅसिओची एक डिजिटल डायरी पडून आहे. १९९७ साली मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेली. पाकिटाएवढी वस्तू, उघडली की आत बारीक बारीक बटणे आणि करड्या रंगाची पट्टी. पार्टीचे नाव, फोन नंबर, तारखेची आठवण आणि थोडाफार हिशेब एवढे तिच्यात मावत असे. पासवर्ड टाकून काही नोंदी लपवताही येत. अक्षरे मात्र फक्त इंग्रजी. मी उर्दू माध्यमातून शिकलेला. मराठी निगडीला दुकानावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो आणि इंग्रजी बिलांवरून. त्यामुळे मालेगावच्या पार्टीचे नाव एका स्पेलिंगने भरायचे आणि दुसऱ्याच स्पेलिंगने शोधत बसायचे, असे माझे चाले. तरीही त्या डायरीचा एक गुण मानावा लागेल. तिच्यात काही ठेवायचे तर ते लिहावेच लागे.

पुढे ही डायरी आणि फोन एक झाले. आज आमच्या धंद्यात हमालापासून पेढीवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या खिशात असे यंत्र आहे, आणि त्या जुन्या डायरीच्या हजारो पट नोंदी त्यात राहू शकतात. असे असूनही गेल्या वर्षभरात निगडी, चिखली आणि पिंपरीतील कापड व शिलाईच्या कामाच्या तीन तंट्यांत मला मध्यस्थ म्हणून बसावे लागले. तिन्ही ठिकाणी माल गेला होता, माल पोचला होता, आणि नेमके काय ठरले होते हे सांगणारी एक ओळही कोणाजवळ नव्हती. “फोनवर बोललो होतो ना भाई,” हाच दोन्ही बाजूंचा पुरावा. तिन्ही वेळा पड खावी लागली ती लहान माणसाला. माझे म्हणणे असे की, डायरी आणि फोन यांच्या जोडीतला अर्धाच भाग आपण उचलला. फोन घेतला आणि डायरी सोडून दिली.

ही जोड मुळात कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत जेफ हॉकिन्स यांनी १९९६ साली ‘पायलट’ नावाची खिशातली डायरी बाजारात आणली. यंत्र तयार होण्याआधी त्यांनी त्याच मापाचा एक लाकडी ठोकळा बनवून खिशात बाळगला होता. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखे करायचे, म्हणजे अशी वस्तू दिवसभरात कुठे कुठे लागते ते कळते. आमचा शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी कागदाचा फर्मा कापतो, त्यातलाच हा प्रकार. पायलट संध्याकाळी एका खोबणीत ठेवून बटण दाबले की तिच्यातल्या नोंदी संगणकात जात आणि संगणकातल्या तिच्यात येत. कच्ची वही आणि खतावणी रोज जुळवून घेण्याची आपल्याकडची जुनी रीतच ती.

हॉकिन्स आणि त्यांच्या सहकारी डॉना डुबिन्स्की यांनी १९९८ साली हँडस्प्रिंग ही वेगळी कंपनी काढली व १९९९ साली ‘व्हिझर’ नावाची डायरी आणली. तिच्या पाठीला एक खाच ठेवलेली होती. त्या खाचेत हवी ती जोडवस्तू बसवायची. २००० सालच्या अखेरीस त्या खाचेत बसणारा फोन आला, व्हिझरफोन. त्याची अँटेना वेगळी, बॅटरी वेगळी, सिमकार्ड वेगळे. डायरीतल्या नावावर काडी टेकवली की त्या माणसाला फोन लागे, लेखी निरोप जात, आणि इंटरनेटही मिळे. इंटरनेटचा वेग त्या काळच्या जीएसएम फोनचाच, सेकंदाला ९,६०० बिट. आज मोबाइलवर काढलेला कापडाच्या नमुन्याचा एखादा चांगला फोटो त्या वेगाने पाठवायला जवळपास अर्धा तास लागला असता. पुढे २००२ साली याच कंपनीच्या ‘ट्रिओ’मध्ये फोन आणि डायरी एकाच अंगात आले. फोनच्या कंपन्याही दुसऱ्या बाजूने इकडेच येत होत्या. नोकियाचा ९००० कम्युनिकेटर १९९६ सालचा, आणि आयबीएमचा सायमन तर १९९४ सालचा.

व्हिझरफोनमधली मूळ वस्तू डायरी होती आणि फोन तिला मागाहून लावलेला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याला लिहायची सवय होती त्याला बोलायचे साधन मिळाले.

आपल्याकडे उलटे घडले. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या वेळी गर्दीच्या तासांत मिनिटाला १६ रुपये ८० पैसे इतका दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. मुंबई एक सर्कल आणि बाकीचा महाराष्ट्र व गोवा दुसरे. म्हणजे घाट उतरून मुंबईत मूळजी जेठा मार्केटला गेलो की रोमिंग. इतके महाग बोलणे असल्यावर माणूस बोलतो कसा? धावत. सलाम-दुआ नाही, खुलासा नाही, “इतके ताके, अमुक भाव, परवा पाठवा,” की लाल बटण. ती घाईची बोली आमच्या जिभेला बसली. २००३ साली येणारा कॉल फुकट झाला आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात देण्याची योजना काढली. तेव्हा फोन मागवाल्याच्या, काजे-बटण करणाऱ्याच्या, टेम्पोवाल्याच्याही हाती आला. बोलणे स्वस्त झाले, तरी सवय तीच राहिली.

खिशातली डायरी मात्र त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. किंमत हे एक कारण. दुसरे कारण लिपी. पायलटवर काडीने लिहायची जी अक्षरे होती ती ठरावीक वळणाची आणि रोमन. आमच्या देशात याचा विचार कोणी केलाच नव्हता असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील मंडळींनी मिळून सिम्प्युटर नावाचे यंत्र आखले. २००१ साली त्याचा नमुना दाखवला गेला आणि २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा’ सिम्प्युटर विक्रीस आला. कमी शिकलेल्या माणसालाही वापरता यावे, भारतीय भाषा त्यातून बोलून दाखवता याव्यात, आणि एकच यंत्र अनेकांनी आपापले कार्ड घालून वापरावे, अशी ती कल्पना होती. ज्याच्यासाठी बनवले त्याच्या हातात ते फारसे गेले नाही. दहा हजार रुपयांच्या आसपास सुरुवातीची किंमत. तोवर त्याच्या अगदी थोड्या पैशांत साधा फोन मिळू लागला होता. गरीब माणसाने बोलणारी वस्तू घेतली. त्याचे काही चुकले नाही.

फोनचा उपकार नाकारण्याइतका मी नाशुक्रा नाही. पूर्वी मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्याला भिवंडीचा भाव दलाल सांगेल तो. फोन आल्यावर तो स्वतः विचारू लागला. केरळच्या मच्छीमारांवर रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. होडीतून फोन करून कोणत्या बंदरात गिऱ्हाईक आहे ते कळू लागले, तेव्हा मासळी फेकून देणे बंद झाले आणि वेगवेगळ्या बंदरांतले भाव एकमेकांजवळ आले. पण मासळी किनाऱ्यावर हातोहात विकली जाते. कापड तसे विकले जात नाही. कापडाचे पैसे महिन्याने, दोन महिन्यांनी, कधी ईद किंवा दिवाळी उलटल्यावर येतात. हातोहात सौद्याला बोलणे पुरते. आमच्या उधारीच्या सौद्याला ते कसे पुरावे?

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. मी कारखान्यांच्या कामगारांच्या युनिफॉर्मचे कापड शिंप्यांना देतो, आणि पँटच्या खिशाला लागणारे अस्तर मालेगावहून आणतो. २००१ साली नाशिक फाट्यावर ट्रकच्या गोंगाटात उभा राहून मी तिथल्या एका मागवाल्या चाचांना फोन केला. आमचे बोलणे उर्दूत. मी सैंतीस ताके सांगितले. त्यांनी सैंतालीस पाठवले. (मराठीत सदतीस आणि सत्तेचाळीस यांत हा घोटाळा झालाच नसता. उर्दूवर प्रेम असूनही हे कबूल करतो.) दहा ताके जादा, शंभर मीटरचा ताका, म्हणजे हजार मीटर अस्तर. भाव मीटरला तेरा रुपये. मी सांगितले की जादा मालाचे पैसे तो खपेल तेव्हाच देईन. चाचांचे बारा माग होते. तेरा हजार रुपये म्हणजे त्यांच्या कामगारांचा पगार आणि सुताच्या व्यापाऱ्याचे देणे. ते फार बोलले नाहीत; पुढची ऑर्डर जाईल ही भीती होती. चार महिन्यांनी त्यांना पैसे मिळाले. त्या दिवशी कॅसिओची डायरी माझ्या शर्टाच्या खिशातच होती. फोन ठेवल्यावर एक आकडा तिच्यात टाकायला अर्धे मिनिटही लागले नसते. मी खरोखर सैंतीसच म्हणालो होतो का, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्याला मी युनिफॉर्मचे कापड देतो तेव्हा तिथले खरेदी खाते मला काय करते? लेखी ऑर्डर पाठवते. तिच्यावर नंबर असतो, तारीख असते, रंगाची छटा, कापडाचे वजन, मीटर, भाव, पैसे किती दिवसांत मिळतील, सर्व असते. तो नंबर बिलावर नसेल तर गेटवरचा माणूस टेम्पो आत सोडत नाही. आम्ही या पद्धतीला नावे ठेवतो, पण पैसे अडकले की तोच कागद घेऊन जातो. आणि तोच मी संध्याकाळी मागवाल्याला, कापणाऱ्याला, घरी बसून काजे-बटण करणाऱ्या बाईला फोनवर सांगतो, “तेवढे करून ठेवा, बघून घेऊ.” वरून मिळालेली लेखी खात्री मी माझ्या खिशात ठेवतो आणि खाली तोंडी शब्द पाठवतो. हा अन्याय आहे, आणि तो माझ्यासारखेच लोक करतात.

कायद्याचेही ऐका, कारण यात आपलाच पैसा जातो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या २००६ सालच्या कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. हा कायदा वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतला नव्हता. २०२३ सालच्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली आणि २०२३-२४ च्या हिशेबापासून ती लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत. मार्च २०२४ मध्ये सुरत ते इचलकरंजी कापडबाजारात जी धावपळ झाली ती यामुळेच. म्हणजे ज्याने तोंडी सौदा केला त्याने स्वतःच्या हाताने आपली मुदत ४५ वरून १५ दिवसांवर आणली.

मग लेखी म्हणजे स्टॅम्प पेपरच हवा का? नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी नोंदीची मान्यता दिली आहे. आपल्या फोनवर जो निरोप लिहून जातो तोही नोंदच आहे. कोर्टात तो द्यायचा झाला तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून जुना फोन भंगारात देण्याआधी थांबा; त्यात तुमची वही आहे. निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय काहींनी चालू करून ठेवलेली असते. व्यापाराच्या फोनवर ती बंद असलेली बरी. आणि दुकानातल्या नोकराच्या नावाच्या सिमवर धंद्याचे सौदे चालवू नयेत. नोकर गेला की वहीही जाते.

लिहायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. आमच्यात समज असा की ज्याचे येणे आहे त्याने लिहून ठेवावे. सूरह बकराची २८२ वी आयत आपल्या वाचकांना माहीत आहे. मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम तीत आहे, हातोहात सौद्याला सूट आहे, आणि मजकूर सांगण्याची जबाबदारी देणेकऱ्यावर टाकली आहे. हा शेवटचा भाग आम्ही सोयीने विसरतो. मागवाला चाचा मला “सेठ, जरा लिहून पाठवा” कधीच म्हणणार नाही. भरवसा नाही का, असे मी विचारीन या भीतीने. पैसे ज्याने द्यायचे आहेत त्यानेच पहिला निरोप पाठवला तर हा संकोच उरतच नाही.

बोललेला निरोप, ज्याला हल्ली व्हॉइस नोट म्हणतात, त्याने काम भागते असे काही तरुण व्यापारी मला सांगतात. लिहिता न येणाऱ्या कारागिराला तो सोयीचा आहे, हे मान्य. पण तीन महिन्यांनी चाळीस व्हॉइस नोटांतून एक आकडा शोधून दाखवा. लिहिलेला आकडा शोधला की सापडतो. लिपीचा अडथळाही आता राहिला नाही. देवनागरी फोनवर सरळ लिहिता येते; उर्दूला नस्तालीक वळण मिळायला आणखी काही वर्षे लागली, पण तेही आले. ज्या उणिवेमुळे माझी कॅसिओ डायरी अर्धी रिकामी राहिली ती उणीव संपली आहे.

मी स्वतः आता काय करतो ते सांगतो, त्याला फार मोठी पद्धत समजू नये. फोनवर मनसोक्त बोलतो. फोन ठेवला की जागेवरून न उठता त्याच माणसाला एक ओळ लिहितो: कापड, पन्हा, ताके, भाव, माल कधी, पैसे कधी. आकडा अक्षरातही लिहितो. सैंतीसचा अनुभव गाठीशी आहे. समोरून “ठीक” आले म्हणजे सौदा झाला. माल आला की बिल्टीचा फोटो त्याच ओळीखाली. यूपीआयने पैसे देताना शेरा लिहायची जागा असते, तिथे बिलाचा नंबर टाकतो. बहुतेक लोक ती जागा कोरी सोडतात आणि वर्षअखेरीस कोणते पाच हजार कशाचे हे शोधत बसतात. महिन्याच्या शेवटी मुलगा या सगळ्या ओळी कागदी वहीत उतरवतो. कागदी वही मी बंद केलेली नाही. फोन पाण्यात पडतो.

चाचा वारले. कारखाना त्यांचा मुलगा चालवतो. गेल्या महिन्यात अस्तराची ऑर्डर मी नेहमीप्रमाणे उर्दूत लिहून पाठवली. “ठीक” ऐवजी प्रश्न आला, “सेठ, पन्हा चव्वेचाळीस लिहिलाय, मागच्या तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस होता.” मी वर सरकवून पाहिले. त्याचे बरोबर होते, माझे चुकले होते. बीम मागावर चढायच्या आत दुरुस्ती झाली.